पाणी किती आहे?

आमच्या घरात एक वही आहे. खरं तर आता चार झाल्यात, पण आम्ही 'वही' असंच म्हणतो. २००५ च्या पुरात घरात पाणी शिरलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यापासून ह्यांनी ती सुरू केली. जून ते ऑक्टोबर, रोज सकाळी आठला, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट आहे ते लिहायचं. डावीकडं तारीख, मग फूट-इंच, मग कोयनेतून किती सोडलंय, आणि शेवटी शेरा. शेरे वाचण्यासारखे असतात. 'उतार.' 'स्थिर.' 'रात्री वाढणार.' 'मारुती चौकात उगाच घबराट.' २०१९ च्या ऑगस्टातल्या एका ओळीत पाणी ५७ फुटांच्या वर गेल्याची नोंद आहे. ती विश्रामबागेत नातेवाइकांकडं बसून, फोनवर विचारून लिहिलेली. कारण तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. निघताना ह्यांनी पिशवीत कपड्यांच्या आधी वही घातली होती. त्यावरून मी आठ दिवस बोलत होते.

२०२३ च्या पावसाळ्याची मात्र नोंद जुलैच्या मध्यावर थांबलीय. पुढं नुसती तारखा आखलेली पानं, आणि त्यानंतर तारखाही नाहीत.

गणपतीला पुण्याहून आले तेव्हा मी ती पानं पाहिली. विचारलं, "हे काय, लिहिलं नाही?"

"पाऊसच कुठाय यंदा? काय लिहायचं?"

आणि ते खरंच होतं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता. नदी तळाला, घाटाच्या सगळ्या पायऱ्या उघड्या. मला पटलं. माणसाला स्वतःला काही पटवून घ्यायचं असलं की हवामान खातंसुद्धा मदतीला येतं.

मी पुण्यात होते ती नातीसाठी. लेकीला मुलगी झाली २०२२ च्या फेब्रुवारीत. बाळंतपणाची रजा कायद्यानं सव्वीस आठवडे, म्हणजे ऑगस्टात संपणार. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसनं पाळणाघराची सोय करायला पाहिजे, असंही त्याच कायद्यात आहे. लेकीच्या ऑफिसात ती होती. पण घरापासून ऑफिस जायला-यायला मिळून अडीच तास, आणि सहा महिन्यांच्या पोरीला रोज त्या गर्दीतून न्यायचं म्हणजे कायदा करणाऱ्यानं एकदा तिला कडेवर घेऊन बघावं. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तेव्हा राहिलं कोण?

लेकीनं फोन केला. ती अजून विषयाकडं वळतच होती, तोवर मी म्हणाले, "अगं येते की. त्यात काय विचारायचं?"

हे वाक्य मी पुढं दोन वर्षं मनात घोळवलंय. त्यात काय विचारायचं. लेकीनं मला विचारलं नाही, कारण मी विचारूच दिलं नाही. आणि ह्यांना विचारायचं असतं हे तर आम्हा दोघींच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ते तिथंच झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "कधी निघायचं?" मला वाटलं, 'आपण दोघं' असं म्हणतायत. तसंच म्हणत होते.

आले होते तेही. बारा दिवस राहिले. अकरावा मजला, समोर तसाच दुसरा अकरावा मजला. लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. खाली फिरायला गेले तर वॉचमननं दोनदा "किसके यहाँ?" विचारलं. तिसऱ्या दिवशीही विचारल्यावर ह्यांनी खाली जाणंच सोडलं. घरात माझं सगळं बाळाभोवती, त्यांच्या वाट्याला दुपटी वाळत घालणं आणि दुपारी आवाज न करणं. सांगलीत सकाळी साडेसहाला सरकारी घाटावर पाचसात जणांचा अड्डा असतो. कोयना किती भरली, कर्नाटकातले अलमट्टी धरणवाले काय करतायत, कुणाच्या जावयानं काय घेतलं. तो अड्डा सोडून हे इथं टीव्हीचा आवाज बंद करून खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचत बसायचे. बाराव्या दिवशी म्हणाले, "पावसाळ्यात घरात माणूस पाहिजे. पाणी चढलं तर सामान माळ्यावर कोण टाकणार?"

ह्यावर बोलायला जागाच नव्हती. गावभागात ही सबब नाही, रिवाज आहे. पाणी चाळीस फुटांकडं निघालं की आमच्याकडं घरोघरी गाद्या वर चढायला लागतात. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी, पण तिथवर कुणी वाट बघत नाही. मीच त्यांची बॅग भरली.

तेव्हापासून आम्ही दोन गावचे झालो. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. हे पासष्टच्या पुढचे, त्यांचं आधीपासून अर्धं. (रेल्वेनं २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढली ती काढलीच, म्हणून कोयना एक्सप्रेस आवडत असूनही आम्ही एसटीचे.) दोघांचं मिळून एक तिकीट व्हायचं, पण दोघं एका गाडीत कधी नसायचो.

आता एक कबूल करते. मी पुण्यात सुखात होते.

लोकांना वाटतं, या वयात पोर सांभाळणं म्हणजे आजीची फरफट. फरफट होतीच. एक वर्षाची पोर नऊ किलोची असते, आणि नऊ किलोचं गव्हाचं पोतं कडेवरून उतरायला नको म्हणून पाठीला कमान करत नाही. माझा डावा गुडघा त्या वर्षी कायमचा बोलका झाला. पण मनू माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय झोपायची नाही. कुडी काढून ठेवावी लागायची. तिची बोटं पाळी चाचपडायची, सापडली की श्वास लांब व्हायचा आणि मग हळूहळू बोटं सुटायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, शेकडो पोरं हाताखालून गेली, पण माझ्या शरीराचा एवढासा तुकडा कुणाला इतका लागतोय हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. रिटायर झाल्यावर पहिली चार वर्षं मी भिशी, हळदीकुंकू, लोणची असं काहीबाही करून दिवस ढकलत होते. पुण्यात दिवस मला ढकलत होता. रात्री अंग दुखायचं आणि झोप लागायची.

'नातवंडं म्हणजे दुधावरची साय' असं आपण म्हणतो. साय खरीच. पण दूध तापवायला शेगडीपाशी उभं कुणी राहायचं आणि उतू गेलं तर ओटा कुणी पुसायचा, हे त्या म्हणीत नाही. आणि साय खाणारी एक आजी असली, तर तिचा जोडीदार तेव्हा कुठं असतो, हेही नाही.

सोसायटीच्या बागेत संध्याकाळी पाचला आज्या जमायच्या. हे दृश्य कुणीतरी एकदा नीट बघायला पाहिजे. घसरगुंडीच्या कडेनं सिमेंटची तीन बाकं, त्यावर लातूर, अकोला, बार्शी, सांगली, एक बेळगावच्या. सगळ्यांच्या हातात पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा, सगळ्यांचं लक्ष घसरगुंडीवर, बोलणं तिरकं. नवी आजी आली की पहिला प्रश्न "कुणाकडं? लेकाकडं की लेकीकडं?" आणि दुसरा, "मग तुमचे कुठं असतात?" जशी काही ठेव कुठल्या बँकेत आहे ते विचारतायत. 'आमचे गावाकडं.' 'आमचे तिकडंच, शेतीचं बघतात.' 'आमच्यांना इथं करमत नाही बाई.' अकोल्याच्या ताईंचे यजमान सत्तराव्या वर्षी पोहे करायला शिकले म्हणून आम्ही सगळ्या हसलो होतो. फोडणीत आधी पोहेच टाकले होते. लातूरच्या काकूंचा लेक तीन महिन्यांनी आईला गावी पाठवायचा आणि सासूला आणायचा. 'आमची पाळी लावलीय,' त्या म्हणायच्या.

बार्शीच्या बाई फारशा बोलायच्या नाहीत. एकदा नव्या आलेल्या कुणीतरी त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचे गेले मागच्या वर्षी. मी इथंच होते." मग त्यांचा नातू घसरगुंडीवर उलटा चढायला लागला आणि त्या उठल्या.

त्या रात्री मी ह्यांना नेहमीपेक्षा लवकर फोन केला. "जेवलात का?" "हो." "काय होतं डब्यात?" "नेहमीचं."

आमचे व्हिडिओ कॉल म्हणजे एक प्रकरणच. ह्यांना फोन नीट धरता येत नाही. पडद्यावर दिसायचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. मनू 'आबा' म्हणायला शिकली ती पंख्याकडं बोट करून. आम्ही सगळे हसायचो, हेही हसायचे, निदान कपाळ हललेलं दिसायचं. वर्षभर मी नवऱ्याचं कपाळ बघत होते. गालफडं बसलेली, गळ्याशी सदरा ढगळ झालेला, हे सगळं पडद्याच्या खाली राहिलं.

गणपतीला आले तेव्हा दिसलं. पट्ट्याला खिळा ठोकून दोन नवी भोकं पाडलेली होती. खानावळीच्या वहिनी दारात भेटल्या, म्हणाल्या, "काकू, काका डबा अर्धा परत देतात. भाजी आवडत नाही का आमची?" उरलेला अर्धा बोळातल्या कुत्र्याला जात असणार. ते मात्र छान गुटगुटीत झालं होतं. घाटावरचे एक मित्र पूजेला आले, ते ह्यांच्यादेखत म्हणाले, "वहिनी, साहेब येत नाहीत हल्ली. बोलवायला गेलं तर पोट दुखतंय म्हणतात."

पोट. हो, पोटाचंच चाललं होतं सगळं. पोटात गोळा येतो, तोंडाला चव नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग मिरजेच्या वाऱ्या सुरू झाल्या. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही. तिथं गेलेला माणूस रिकाम्या हातानं येत नाही, फाईल घेऊन येतो. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, थायरॉईड, साखर, बी-१२. एकेक रिपोर्ट नॉर्मल यायचा आणि आम्ही पेढे वाटावे की काय असं तोंड करायचो. हे मात्र दर नॉर्मल रिपोर्टला आणखी खाली बसायचे. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. काहीतरी सापडलं असतं तर त्यांना निदान नाव मिळालं असतं.

शेवटी एका फिजिशियननं सगळी फाईल बाजूला सारली आणि विचारलं, "काका, दिवसभर काय करता?" हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बसतो." डॉक्टरांनी मानसोपचारवाल्यांकडं चिठ्ठी दिली.

चिठ्ठी आठ दिवस देव्हाऱ्याच्या फळीवर पडून होती. "मी काय वेडा आहे?" हे त्यांचं. आणि माझं, मोठ्यानं नाही पण मनात, की सांगली एवढीशी, तिथं बाहेर बसलेलं कुणी पाहिलं तर? एकतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेली बाई मी. त्या आठ दिवसांबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

तिथं पंधरा प्रश्नांचा एक कागद असतो. मला बाहेर बसवलं होतं, पण कागद फाईलला लावलेला, म्हणून घरी येऊन वाचला. अमेरिकेत १९८० च्या दशकात खास म्हाताऱ्या माणसांसाठी तयार केलेली ती प्रश्नावली. आधी तीस प्रश्नांची होती, मग पंधरावर आणली. उत्तर नुसतं हो किंवा नाही. आणि गंमत बघा, त्यात भूक, झोप, पोट, अंगदुखी यातलं एकही नाही. मी डॉक्टरांना पुढच्या खेपेला विचारलं, असं कसं? ते म्हणाले, "या वयात झोप कमी आणि अंगदुखी असतेच, त्यावरून काही कळत नाही. म्हणून ते मुद्दाम वगळलंय." आणि दुसरीकडं आमच्या वयाची माणसं, विशेषतः पुरुष, मन खचलं तर येऊन सांगतात पोटाचंच. उदास वाटतंय असं म्हणतच नाहीत. रडतही नाहीत. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. देशात २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीच्या पुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांवर लोकांची मोठी पाहणी झाली. तीत साठीच्या पुढच्या शंभरात साधारण आठ जणांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली, पण डॉक्टरनं तसं निदान केलेला शंभरात एकसुद्धा नव्हता. आमच्या ह्यांचं फाईलवर नाव लागलं म्हणजे ते नशीबवानच म्हणायचे.

कागदावर एक प्रश्न होता. सध्याच्या स्थितीत आपला काही उपयोग नाही असं वाटतं का? पुढं 'हो' वर खूण. खूण सिस्टरनं केली असेल, अक्षर नव्हतं काही, नुसती निळ्या पेनाची तिरकी रेघ. मी ती बराच वेळ बघत बसले. या माणसानं साखर कारखान्यात पस्तीस वर्षं ऊसनोंदीचं काम केलं. कुणाच्या प्लॉटला कधी तोड येणार, हे विचारायला माणसं रात्री घरी यायची. आता ह्यांची पेन्शन अडीच हजार, माझी त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातही मी तिकडं पोर सांभाळून 'कामाची', हे इथं घर सांभाळून 'बसलेले'. घर सांभाळणं हे काम आहे असं मी एकदा तरी म्हटलं होतं का? पुरासाठी माणूस पाहिजे म्हणून मागं राहिलेला माणूस, आणि त्या वर्षी पूरही आला नाही.

नातेवाईक काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही, पण सांगते. 'काय कमी आहे तुम्हाला?' 'लेक कमावती, घर स्वतःचं.' 'जप करा.' एकानं तर गोळ्यांची सवय लागते म्हणून परस्पर काढा आणून दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या गोळ्यांचा असर दिसायला काही आठवडे लागतात, वय झालेल्यांना आणखीच, आणि पंधरा दिवसांनी रक्तातलं सोडियम तपासून घ्या, कारण म्हाताऱ्या माणसांत ते उतरू शकतं. सोडियम उतरलं की माणूस भेलकांडतो, बरळतो, आणि घरच्यांना वाटतं, झालं, भ्रम सुरू झाला. आम्ही तपासलं, ठीक होतं. पहाटे तीनला कुणाला फोन करावासा वाटला तर म्हणून त्यांनी १४४१६ हा नंबर दिला. सरकारची टेली-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ह्यांनी तो कधी लावला नाही. मी लावला, दोनदा. एकदा तर नुसतं विचारायला, की गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत ना.

लेकीला फोनवर सांगायचं ठरवलं आणि तीन दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती आधी गप्प. मग, "मग मी नोकरी सोडू का?" तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता. घराचा हप्ता, पाळणाघराची फी, हापिसातली बढती. मी म्हणाले, "तसं कुठं म्हटलं?" ती म्हणाली, "आई, तू कधीच काही म्हणत नाहीस. मला कसं कळणार?"

बरोबर होतं तिचं. आणि मला लागलंही.

त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही म्हणून मी मोबाईलवर वाचत बसायचे. मेलबर्नला १८६ बायकांचा एक अभ्यास झाला होता, वय ५७ ते ६८, म्हणजे माझ्याच ओळीतल्या. आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या आठवणीच्या आणि विचार करण्याच्या चाचण्यांत सगळ्यांत सरस निघाल्या. पाच दिवस किंवा जास्त सांभाळणाऱ्या मात्र एका चाचणीत बऱ्याच मागं पडल्या. आणि जास्त सांभाळणाऱ्यांना आपली मुलं आपल्याकडून फार अपेक्षा करतात असंही वाटत होतं. दुसरा अभ्यास बर्लिनचा, सत्तरीपुढच्या पाचशेवर लोकांचा, त्यात आजोबाही होते. अधूनमधून नातवंडं सांभाळणारे न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. पूर्णवेळ नातवंडं वाढवणारे त्यात धरलेच नव्हते. मला तो 'अधूनमधून' शब्द फार आवडला. आठवड्यातून एक दिवस म्हणजे पाहुणचार, पाच दिवस म्हणजे नोकरी, तीही रजा नसलेली. पण ज्याच्या वाट्याला शून्य दिवस आले, त्याचं काय? तो प्रश्न माझ्यासाठी नव्हता, ह्यांच्यासाठी होता. एकाच पोरीपायी मी पाच दिवसांची होते आणि हे शून्याचे. सरासरी काढली तर दोघंही छान.

शेवटी जे ठरलं ते कुणालाच पूर्ण पटलेलं नाही, म्हणजे बहुतेक बरोबर असावं. मनू अर्धा दिवस शेजारच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघरात. जावयांनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. मी महिन्यातले दहा-बारा दिवस पुण्यात, बाकी सांगलीत. पाळणाघराच्या पहिल्या आठवड्यात मनू रोज रडली आणि लेकीनं मला ते रोज सांगितलं. मी इकडं ह्यांना भाकरी वाढत ते ऐकायचे.

आता इथं लोकांना एक गोष्ट हवी असते. नात आली, 'आबा' म्हणाली आणि आजोबा बरे झाले. तसं झालं नाही. आधी गोळीनं झोप आली. मग पहाटेचे तीन वाजायचे बंद झाले. मग एक दिवस भाकरीला ठेचा मागितला. डिसेंबरात कधीतरी स्वेटर घालून घाटापर्यंत गेले, कुणाशी न बोलता परत आले. दुसऱ्या आठवड्यात बोलून आले. कानाला कमी ऐकू येतंय हेही त्याच सुमारास कळलं. अड्ड्यावर नुसतं मान हलवत बसायचा कंटाळा आला होता, त्यातलं अर्धं दुखणं तिथं होतं. मशीन बसवलं. हे सगळं झाल्यावर, २०२४ च्या मे महिन्यात, मनू सांगलीला आली.

सव्वादोन वर्षांची. पंख्याखालचं कपाळ म्हणजे अख्खा माणूस आहे हे कळायला तिला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी तिनं ह्यांच्या कानातलं मशीन काढलं. तिसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी भडंगाची पुडी घेऊन घाटावर. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर ऑइलपेंटनं दोन रेघा आहेत, खालची २००५ ची, वरची २०१९ ची. ह्यांनी तिला भिंतीला टेकवून उभी केली, डोक्यावर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीनं खूण केली. मग वहीच्या मागच्या पानावर लिहिलं : 'मनू, २ फूट १० इंच.' शेरा : 'वाढणार.'

जूनमध्ये वही पुन्हा सुरू झाली. फोन मात्र अजूनही तसाच धरतात. सकाळी आठला पुण्याचा फोन वाजायचा, मनू विचारायची, "आबा, पाणी किती आहे?" आणि कपाळ सांगायचं, "अकरा फूट." तिला अकरा म्हणजे किती हे कळत नव्हतं. "खूप?" "नाही गं, थोडंच."

तेव्हापासून वहीत एक रकाना वाढलाय. पाणी, कोयना, शेरा, आणि 'गो.' म्हणजे गोळी. मध्ये डॉक्टरांनी ती कमी केली होती, मग परत वाढवली. हे असं चालतं म्हणाले.

यंदाच्या जुलैत मी पुण्याला निघाले होते. रविवारी दुपारची गाडी, बॅग दारात. सहज वही उघडली, तर शुक्रवार आणि शनिवार रिकामे. पाऊस होता दोन्ही दिवस, चांगला होता. घरातच होते मी, पण पुऱ्या-चिवड्याच्या गडबडीत.

"हे काय, लिहिलं नाही?"

हे झोपाळ्यावर पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "पेन संपलं होतं."

मी हरभट रोडला जाऊन चार पेनं आणली. निळी. तीन वहीत ठेवली आणि एक त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लावलं. मग लेकीला फोन केला, की मी मंगळवारी येते.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. दोन दिवसांचं पाणी लिहायचं राहिलंय."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बुधवारी ये. मी रजा टाकते."